मांस बाजारापर्यंत नेताना घ्यावयाची दक्षता

गावात बोकड कापून त्याचे मांस दूरच्या आठवडे बाजारात नेण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी आहे. मांस वाटेत नासते असा समज असला, तरी नासण्याचे कारण बहुधा आधीच घडलेले असते. (वन्य प्राण्यांच्या शिकारीस 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये मनाई असल्याने येथे पाळीव जनावरांचाच विचार केला आहे.)

दमवून आणलेले जनावर लगेच कापू नये. कापल्यानंतर स्नायूंतील साठीव शर्करेचे आम्लात रूपांतर होते व हे आम्ल जंतूंच्या वाढीस आळा घालते. श्रमाने ती शर्करा आधीच खर्ची पडल्यास मांस काळसर व चिकट राहून लवकर बिघडते. सबब आदल्या रात्री जनावरास विश्रांती व पाणी द्यावे. चारा मात्र देऊ नये, म्हणजे कोठा रिकामा राहून आतडी काढताना घाण सांडत नाही.

अकस्मात मेलेले जनावर, मग ते कितीही धष्टपुष्ट असो, कापू नये व सोलूही नये. नाकातोंडातून न गोठणारे काळे रक्त आले असल्यास फाशी रोगाचा संशय धरावा. शव उघडताच या रोगाचे जंतू टिकाऊ बीजरूप धारण करतात, जमिनीत वर्षानुवर्षे जगतात आणि हाताळणाऱ्या माणसासही रोग जडवितात. अशा वेळी चार पैशांचा मोह बाजूस ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. ग्रामसेवकांनी ही गोष्ट पुनःपुन्हा सांगावी.

बोकडाच्या शरीराचे उष्णतामान सुमारे 39 अंश सेल्सिअस असते व ही ऊब जंतूंना मानवते. आतडी विनाविलंब काढून धड सावलीत, वाऱ्यावर टांगावे. गरम मांस गोणपाटात बांधण्याची सवय सर्वांत घातक होय, कारण ऊब आतच कोंडते. निवाल्यावर ते स्वच्छ धुतलेल्या कपड्याने झाकावे, म्हणजे माश्या बसणार नाहीत. ओढ्याच्या किंवा तळ्याच्या पाण्याने धुऊ नये.

बर्फ मिळाल्यास तो मांसाभोवती प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून ठेवावा आणि पेटीच्या तळाशी छिद्र ठेवावे, कारण वितळलेल्या पाण्यात भिजलेले मांस लवकर खराब होते. मांस 4 अंशांखाली राहिले तर उत्तम. बर्फ नसल्यास पहाटे कापून त्याच सकाळी विकावे. गाडीत खताची किंवा कीटकनाशकाची पोती असतील, तर त्या खेपेस मांस नेऊ नये.