हौशी घर नको, कंटाळवाणं घर हवं

"आम्हाला मांजराची भारी हौस आहे," असं कुणी म्हणालं की मी आता सावध होतो. पिल्लू द्यायचं असेल तर अशीच माणसं शोधावीत. पण मांजर बारा वर्षांचं असेल, त्यातून निवाऱ्यात राहून माणसाच्या सावलीलाही बिचकत असेल, तर त्याला हौस मानवत नाही. त्याला कंटाळवाणं घर लागतं. रोज तेच घडणारं, आणि तेही हळू आवाजात.

सगुणा माझ्या मावशीची, पुण्याची. मावशी गेली, फ्लॅट विकायला निघाला आणि मांजर एका निवाऱ्यात पोचलं. तिथल्या लोकांनी त्यांच्या परीनं सगळं केलं. पण जन्मभर एका म्हातारीबरोबर दोन खोल्यांत राहिलेलं जनावर त्या कलकलाटात भिंतीकडं तोंड करून बसायचं. येणारे लोक पिल्लं पसंत करून जायचे. शेवटी तिथल्या मुलीचा फोन आला, "काका, हिला कुणी नेणार नाही. तुमच्याकडं काही जमतंय का?"

उमरग्यात असा निवारा नाही. आमच्या घराखाली पिठाची गिरणी, दारात दोन कुत्री, म्हणजे माझं घर तिच्यासाठी बादच. तरी गच्चीवरच्या खोलीत तात्पुरतं ठेवावं आणि गावात घर बघावं, असं ठरवून तिला आणलं. "कशाला एवढा कुटाणा? मोंढ्यात सोडून दे, उंदरं खाऊन राहील," हा सल्ला गिऱ्हाइकांनी फुकट दिला. जिला बशीतलं खायची सवय, दात निम्मे पडलेले, ती मोंढ्यात काय शिकार करणार? आणि तिथले उंदीर बऱ्याचदा विष खाल्लेले असतात. उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ प्रमाणं गुन्हाही आहे, हे आपल्याकडं फारसं कुणाच्या गावी नसतं.

पहिलं घर मिळालं ते नव्या वसाहतीतलं. माणसं मनानं चांगली. मी मांजर भित्रं असल्याचं सांगितलं, त्यावर वहिनी म्हणाल्या, "आमच्या पोरांना लई आवड आहे भावजी, आठ दिवसांत अंगाखांद्यावर खेळायला लागेल." पहिल्याच संध्याकाळी शेजारपाजारचे बघायला आले, फोटो झाले. सगुणा दिवाणाखाली शिरली. धाकट्यानं लाडानंच तिला पाय धरून बाहेर ओढलं, तिनं हाताला ओरबाडलं. आरडाओरडा झाला आणि उघड्या खिडकीतून ती पसार झाली.

पोराला आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायला सांगितलं आणि मग उपजिल्हा रुग्णालयात नेलं. मांजराचं ओरबाडणं किरकोळ समजून हळद लावून बसू नका. रेबीज मांजराकडूनही होतो आणि त्याची लस सरकारी दवाखान्यात मिळते.

मांजर शोधताना लोक मोटारसायकलवर गावभर फिरतात, हाका मारतात. भित्रं मांजर हाकेला येत नाही, आणि बहुधा लांबही जात नाही. हरवलेल्या हजारावर मांजरांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सापडलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मांजरं निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आतच मिळाली होती. आम्हीही शेजारचीच ठिकाणं धुंडाळली: जिन्याखाली, सिमेंटच्या पाइपांत, कडब्याच्या गंजीमागं. रात्री वर्दळ थांबल्यावर बॅटरी जमिनीलगत फिरवली की डोळे चमकतात. सगुणा सोयाबीनच्या पोत्यांमागं सापडली. तिला पकडायला हात घातला नाही. तिची वापरलेली चादर टोपलीत अंथरली, वासाचं खाणं आत ठेवलं आणि लांब जाऊन बसलो. पहाटे ती आपणहून टोपलीत शिरली.

त्या कुटुंबाला मी दोष देत नाही. त्यांना हवं होतं खेळणारं मांजर आणि मिळालं होतं लपणारं.

दुसरं घर शोधण्याआधी तिची तपासणी करून घेतली, आणि हे प्रत्येकानं करावं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गर्दी असते गाई-म्हशी आणि शेळ्यांची. तिथं लस मिळेल, पण मूत्रपिंड, थायरॉइड, साखर यांसाठी रक्त तपासायला लातूर किंवा सोलापूर गाठावं लागतं. पशुवैद्यक महाविद्यालय उदगीरला आहे. एवढ्या लांब का जायचं? कारण म्हाताऱ्या मांजराचा भित्रेपणा कधीकधी भित्रेपणा नसतोच, दुखणं असतं. अमेरिकेत बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले, तेव्हा त्यातल्या ९० जणांच्या सांध्यांत झीज दिसली. तो अभ्यास २००२ साली छापून आला. उचललं की फिस्कारणारं मांजर रागीट नसेलही, त्याचे गुडघे दुखत असतील. सगुणाचे दोन दात सडले होते. ते काढल्यावर ती खायला लागली आणि तिचा निम्मा 'स्वभाव' बदलला.

इथं एक गोष्ट ठासून सांगतो. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका, पाव तुकडासुद्धा. माणसाचं रोजचं औषध मांजराचा जीव घेतं. कुत्र्यांचे गोचीड-पिसवांचे थेंबही नकोत. त्यातल्या पर्मेथ्रिनचं मांजराला विष होतं.

मग मी जाहिरातच बदलली. 'गोड, शांत, प्रेमळ' वगैरे काढून टाकलं. सरळ सांगायला लागलो: वय बारा, मांडीवर बसणार नाही, महिनाभर दिसणारही नाही, ताण आला की ट्रेच्या बाहेर घाण करते, आयुष्य थोडं उरलंय आणि दवाखान्याचा खर्च आहे. ऐकूनच बरेच जण गळाले. गळू द्यावेत. मांजर परत येण्यापेक्षा माणूस आधीच गेलेला बरा, कारण दर वेळी घर बदललं की भीती आणखी पक्की होते.

उरल्या आमच्या शाळेतल्या बाई. निवृत्त, एकट्या राहणाऱ्या. मांजरांची त्यांना मुळीच हौस नाही. "हे बघ, मी काही तिच्या मागंमागं फिरणार नाही," त्या म्हणाल्या, "राहायचं तर राहू दे कोपऱ्यात." मी मनात म्हटलं, हेच घर. पुढं म्हणाल्या, "भूकंपानंतर आमची आई किती दिवस घरात झोपली नाही, ठाऊक आहे ना तुला? कुणी ओढून आत नेलं नाही, म्हणून आली हळूहळू." ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांनी पाहिली, त्यांच्या घराघरांत अशी माणसं होती. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास माळवदं अंगावर आली. त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्येसुद्धा दार उघडं टाकून झोपणारे लोक आम्ही पाहिलेत. भीती समजावून जात नाही, हे उमरगा-लोहाऱ्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही.

अडचण एकच होती. बाईंचं घर लिंगायत, मांस-मासळी उंबऱ्याच्या आत येणार नाही. आणि मांजराला दूधभातावर ठेवता येत नाही. मांसातून मिळणारं टॉरिन कमी पडलं तर डोळे जातात, हृदय कमकुवत होतं. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. तडजोड अशी झाली की मांजरासाठीचं पाकीटबंद खाणं मी पुरवायचं आणि त्याची बशी न्हाणीघराजवळ राहील. हा विषय आधीच उघड बोलून घ्यावा. पाहुण्यासारखं भिडेखातर 'चालेल' म्हटलेलं घर पुढं वाद घालतं.

बाईंनी तिला मागची एकच खोली दिली. पूर्ण घर मोकळं सोडणं म्हणजे उपकार, असं लोकांना वाटतं; भेदरलेल्या मांजराला ते ओझं असतं. खोलीत दोन बाजूंनी भोकं पाडलेलं खोकं, म्हणजे कोंडल्यासारखं वाटत नाही. नेदरलँड्समध्ये २०१४ च्या एका अभ्यासात निवाऱ्यात आलेल्या काही मांजरांना लपायला खोकी दिली, तर ती खोकी नसलेल्यांपेक्षा लवकर निवळली. लपू दिलं की ती माणसाळत नाहीत, हा समज उलटा आहे. ट्रे म्हणून उथळ घमेलं आणि चाळलेली वाळू. उंच काठ दुखऱ्या पायांना चढवत नाही. पाणी खाण्यापासून लांब. निवाऱ्यातली चादर आठवडाभर न धुता तशीच. खाणं पहिल्यांदा तेच, जे ती आधी खात होती.

पहिल्या दिवसांत लक्ष ठेवायचं ते एकाच गोष्टीवर, खाल्लं का. मांजर दोन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. म्हणून 'भूक लागली की खाईल' हा आपला घरगुती न्याय इथं लावू नका. दुसऱ्या दिवशी दवाखाना.

बाकी बाईंनी काहीच केलं नाही, आणि तेच कामी आलं. सकाळी लिंगपूजा आटोपली की त्या खोलीत खुर्ची टाकून पेपर वाचायच्या, निम्मा मोठ्यानं. मांजराकडं बघायच्या नाहीत. नजर भिडलीच तर डोळे सावकाश मिटून उघडायचे, एवढं मी सांगितलं होतं. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या प्रयोगात असं करणाऱ्या माणसाकडं मांजरं जास्त जवळ आली होती. दिवाळीत खिडक्या बंद करून पंखा मोठा ठेवला. हिवाळा सरताना सगुणा पेपरावर येऊन बसू लागली. मांडीवर आजही बसत नाही. बाईंची त्याबद्दल तक्रार नाही.

मांजर देताना मी एक अट घातली होती, तुम्हीही घाला: नको झालं तर रात्री-अपरात्री फोन करा, पण दुसऱ्या कुणाला देऊ नका.

आणि तुमच्या नात्यात किंवा शेजारी एखादं वयस्क माणूस मांजराबरोबर एकटं राहत असेल, तर संकोच न करता त्यांना आजच विचारा, तुमच्यानंतर हिला कोण नेणार? ते नाव, मांजराचं वय, लसींची नोंद, काय खाते आणि कशाला भिते, एवढं एका कागदावर त्यांच्याकडून लिहून घ्या. मांजर निवाऱ्यात पोचल्यावर हे सांगणारं कुणी उरत नाही.