लिंबू आणि मुतखडा

चि. नीरज यास अनेक आशीर्वाद.

लिंबाचा आंबटपणा मुख्यतः सायट्रिक आम्लाचा. ढोकळ्यात पडणारे लिंबूफूल म्हणजे तेच. लिंबाच्या रसात ते साधारण 5 टक्के असते. कार्ल शेले यांनी 1784 साली ते रसातून स्फटिकरूपात वेगळे केले. आज कारखान्यांत ते साखरेच्या द्रावणावर काळी बुरशी वाढवून मिळवतात.

मुतखडे बहुधा कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. लघवीतले सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवते, त्याची ऑक्झलेटशी गाठ पडू देत नाही आणि बारीक कणांना एकमेकांना चिकटू देत नाही. ज्यांच्या लघवीत सायट्रेट कमी, त्यांना डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात. लिंबूपाण्याचा उपयोगही याच वाटेने होतो.

पण हा उपयोग नवा खडा रोखण्यापुरता. झालेला कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा लिंबाने विरघळत नाही, मग तसे कोणीही छातीठोकपणे सांगो. युरिक आम्लाचा खडा लघवीचा आंबटपणा कमी केल्यास विरघळू शकतो. मात्र खडा कोणत्या जातीचा हे तपासणीत कळते, मित्रांच्या गप्पांत नव्हे. सोनोग्राफीत 6 मिलिमीटर लिहून आले असताना पहाटे उपाशीपोटी बिनपाण्याचा रस पिणे आणि डॉक्टरांची तारीख चुकवणे, याला उपचार म्हणत नाहीत. आजोबा आणि वडील दोघांनाही खडा झालेल्या घरात तर मुळीच नाही.

निव्वळ रसाने दातांचे कवच झिजते, छातीत जळजळ वाढते. रस भरपूर पाण्यातून घ्यावा, नंतर चूळ भरावी, लगेच दात घासू नयेत. सरबतात मीठ नको, कारण मिठामुळे लघवीतून कॅल्शियम जास्त जाते. दूध-दही मात्र सोडू नये. सर्वांत मोठे औषध पाणीच: दिवसाला अडीच लिटर लघवी व्हावी इतके. उन्हातान्हात मोटारसायकलवर फिरणाऱ्याला त्याहून जास्त लागते.

कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, तर उजाडायची वाट पाहू नये. तिशीतल्या एका मास्तराने ती पाहिली होती. तासांमागून तास शिकवायचे, बाटली टेबलावर तशीच भरलेली. कळ आली की फळ्याला टेकून उभे राहायचे, पण रजा काढायची नाही. अडलेल्या मूत्रात जंतू वाढले आणि ते मूत्रपिंड पुन्हा पहिल्यासारखे झाले नाही. त्याच्या पाठीवरचा व्रण घरातल्या सगळ्या पोरांनी पाहिला आहे. कारण विचारले की तो विषय बदलतो.

लिंबू वाईट नाही. जेवणाबरोबर खुशाल पिळावे, तांब्याभर पाण्यातूनही प्यावे. पण डॉक्टरांकडे जाऊन. एकट्याने जाण्याची भीती वाटणे यात लाजण्यासारखे काही नाही. मास्तरालाही वाटली होती, तो बोलला नाही इतकेच. आता तो निवृत्त आहे आणि त्याचा सोमवार मोकळा आहे.

आबामामा