कुत्रा आपला, जबाबदारीही आपलीच

घराच्या राखणीसाठी आपण कुत्रा पाळतो. तो कोणाच्या अंगावर धावून गेला, तर जाब आपल्यालाच द्यावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा जबर दुखापत संभवत असता पुरेशी खबरदारी न घेणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कुत्रा चावलाच पाहिजे असे नाही. निष्काळजीपणा पुरे होतो. म्हणून आपण फाटक लावावे, बाहेर नेताना साखळी हाती धरावी, रेबीजची लस वेळेवर टोचून घ्यावी. तरीही कोणाला चावलाच, तर जखम ताबडतोब साबणाने व वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्या माणसाला लगेच दवाखान्यात न्यावे.