पेढीचा टेंपो आणि दिवाणजींची मोटार

एके काळी पेढीवरील दिवाणजी पायी किंवा फार तर सायकलीवरून येत असत, व त्यांची सायकल ओट्याच्या कडेला निमूट उभी राही. आज त्याच दिवाणजींच्या जागी बसणारा गृहस्थ बँकेचे कर्ज काढून घेतलेली मोटार गुदामाच्या आवारात लावतो, आणि त्याच आवारात माल भरलेले टेंपो मागे-पुढे होत असतात. जागा तीच, वाहने मात्र दसपट. मग एखाद्या संध्याकाळी मागे येणारा टेंपो उभ्या मोटारीचा दरवाजा चेपतो, दिवा फोडतो, आणि एक अवघड प्रसंग उभा राहतो.

ह्या प्रसंगाची खरी अडचण कायद्याची नव्हे. रस्त्यावरच्या परक्या गाडीने धक्का दिला असता तर तोच गृहस्थ चार माणसे जमवून भांडला असता. येथे मात्र ज्याचे मीठ खायचे त्याच्याकडेच भरपाई मागायची, ह्या संकोचाने तो गप्प बसतो. मालकाला ती गोष्ट बहुधा कळतच नाही, किंवा कळली तरी ‘विमा आहे ना?’ एवढे विचारून तो पुढच्या कामाला लागतो. सबब ह्या विषयाची दोन्ही बाजूंनी थोडी फोड करणे आम्हांस उपयुक्त वाटते. आमच्या वाचकांत मालकही आहेत आणि पेढीवर नोकरी करणारेही आहेत.

प्रथम जबाबदारी कोणाची हे पाहू. निष्काळजीपणे गाडी हाकणारा ड्रायव्हर जबाबदार असतोच. परंतु तो मालकाच्या कामावर असताना नुकसान झाले असेल तर मालकही तितकाच जबाबदार ठरतो. ‘मी जागेवर नव्हतो’ किंवा ‘मी त्याला सावकाश ने म्हणून बजावले होते’ ही उत्तरे येथे चालत नाहीत. ह्या तत्त्वाची मर्यादा समजण्यास दोन निवाडे पुरेसे आहेत. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अहमदाबादेतील एका टॅक्सीचा खटला आला. मालकाने गाडी ड्रायव्हरच्या हवाली केली होती. ड्रायव्हरने ती क्लीनरला लायसेन्सच्या परीक्षेसाठी दिली आणि तेव्हा अपघात झाला. ते काम मालकाचे नव्हते, म्हणून बहुमताने मालक सुटला. दुसरा खटला आमच्या भागाच्या अधिक जवळचा आहे. १८ डिसेंबर १९६० रोजी नागपुराहून पांढुर्ण्याकडे जाणारी एका जिनिंग कंपनीची मोटार अपघातात सापडली. ती कंपनीचा मॅनेजर स्वतः चालवीत होता, आणि सोबतचा प्रवासी मरण पावला. उच्च न्यायालयाने कंपनीला मोकळे केले होते. पण सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली कंपनी जबाबदार असल्याचा निर्णय दिला. मॅनेजर कंपनीच्या कामासाठी कंपनीचीच गाडी नेत होता, एवढे न्यायालयास पुरेसे वाटले. गुदामाच्या आवारात माल उतरवून टेंपो वळविणारा ड्रायव्हर मालकाच्या कामावर आहे की नाही, असा प्रश्नच मग उरत नाही. गाडी सरकारी असली तरी तत्त्व फारसे बदलत नाही. उदेपूरच्या एका सरकारी जीपच्या बाबतीत १९६२ साली राजस्थान सरकारला भरपाईची जबाबदारी स्वीकारावी लागली आहे.

उभी गाडी कधीच चुकत नाही, असेही मात्र समजू नये. जेथे ट्रक वळतो तेथे किंवा फाटकाच्या तोंडाशी मोटार आडवी लावली असेल, तर नुकसानीचा काही वाटा मोटारवाल्याच्या पदरात पडू शकतो. उलट, मागे माणूस उभा न करता भरलेला टेंपो मागे घेणे ही उघड निष्काळजी आहे. पुष्कळ आवारांत ‘वाहने आपापल्या जोखमीवर लावावीत’ अशी पाटी असते. ती वाचून नोकरवर्ग गर्भगळित होतो. पण त्या पाटीचा अर्थ इतका लांबवर जात नाही. दिल्लीतील एका हॉटेलाने गाहकाची मोटार किल्लीसह ताब्यात घेतली व ती चोरीस गेली. तेव्हा तशाच मजकुराचा आधार घेऊन हॉटेलास आपली निष्काळजी झाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठरविले.

आता विम्याकडे वळू, कारण सर्व गैरसमज तेथेच आहेत. टेंपोच्या विम्यात परक्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची तरतूद असते. ती सामान्यतः साडेसात लाख रुपयांपर्यंत असते. हप्ता वाचविण्यासाठी काही मालक ती सहा हजारांवर आणून ठेवीत असत. तेव्हा मालकाने विमापत्र उघडून हा आकडा एकदा पाहावाच. नोकराची स्वतःची मोटार ही विम्याच्या दृष्टीने परक्याचीच मालमत्ता होय. परंतु पेढीच्या टेंपोने पेढीचीच मोटार चेपली तर ह्या कलमाखाली काही मिळत नाही. आपणच आपल्याला परके कसे होणार? तसेच किल्ली पहाऱ्याच्या माणसाकडे देऊन गाडी पेढीच्या ताब्यात दिली असेल, तर ताब्यातील वस्तूंचा अपवाद विमा कंपनी पुढे करण्याचा संभव असतो. किल्ली खिशात ठेवणे बरे.

आवार खासगी आहे, सार्वजनिक जागा नव्हे, असाही बचाव ऐकू येतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ साली सार्वजनिक जागेचा अर्थ व्यापक केला आहे. खासगी मालकीच्या जागेत लोकांना परवानगीने का होईना प्रवेश असेल, तर ती जागाही त्यात मोडते. आडतीच्या गुदामात शेतकरी, हमाल, गिऱ्हाईक सारेच येतात.

तथापि टेंपोच्या विम्याचा मार्ग लांबचा आहे. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली, व ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. वीस-पंचवीस हजारांसाठी वकील लावणे बहुतेकांना परवडत नाही. म्हणून मोटारवाला आपल्या स्वतःच्या सर्वंकष विम्यातून दुरुस्ती करवितो, आणि मालक समजतो की प्रकरण मिटले.

ते खरोखर मिटते काय, हे हिशेबानेच पाहू. समजा, गाडी चौथ्या वर्षातील आहे आणि दुरुस्ती २४,००० रुपयांची. त्यांपैकी १०,००० प्लॅस्टिकच्या बंपराचे व तशाच भागांचे, ६,००० पत्र्याच्या दरवाजाचे, आणि ८,००० मजुरीचे. प्लॅस्टिकवर निम्मी घट, म्हणजे ५,००० गेले. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या पत्र्यावर २५ टक्के घट, म्हणजे १,५०० गेले. पंधराशे सी.सी.पर्यंतच्या मोटारीस प्रत्येक दाव्यात सक्तीने १,००० रुपये स्वतः सोसावे लागतात. अशा रीतीने ७,५०० रुपये मोटारवाल्याच्या खिशातून गेले. (रंगाच्या सामानाची घट वेगळी असते, ती येथे धरलेली नाही.) पुढे, तीन वर्षे दावा न केल्यामुळे त्याला हप्त्यात ३५ टक्के सूट मिळत होती व येत्या नूतनीकरणास ती ४५ होणार होती; दावा करताच ती शून्यावर आली. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता सूट धरण्यापूर्वी १०,००० असेल, तर आणखी ४,५०० गेले. एकूण बारा हजार! विमा असूनही नेमका निम्मा भार त्या निरपराध माणसावर पडला, आणि सूट पुन्हा पायरी-पायरीने चढावयास पुढील वर्षे जायची ती निराळीच. हे बारा हजार मालकाकडे मागण्यात गैर काहीच नाही. किंबहुना, विमा न वापरता मालकाने पूर्ण २४,००० थेट गॅरेजास दिले, तर ते सर्वांत सरळ.

दोन्हीकडून पूर्ण रक्कम घेणे मात्र अप्रामाणिकपणाचे आहे व कायद्यासही मान्य नाही. विमा कंपनीने पैसे दिले की तेवढ्यापुरता वसुलीचा हक्क तिच्याकडे जातो. म्हणून कंपनीस न विचारता ‘माझी काही तक्रार उरली नाही’ असे मालकास लिहून देऊ नये. त्या एका ओळीने स्वतःचाच दावा अडचणीत येतो.

घटना घडताच गाड्या हलविण्यापूर्वी दोन्हींची छायाचित्रे घ्यावीत, त्यांत टेंपोचा क्रमांक व जमिनीवरील जागा दिसावी. दुसऱ्याच्या मालमत्तेची हानी झाली असता ड्रायव्हरने चोवीस तासांच्या आत पोलीस ठाण्यात वर्दी देणे व विमा कंपनीस लेखी कळविणे, हे मोटार वाहन कायद्याचे १३४ वे कलम सांगते. आवारातील लहान धक्क्यासाठी कोणी ठाण्यावर जात नाही हे आम्ही जाणतो. पण विम्यातून पैसे घ्यावयाचे असतील तर ही वर्दी नसल्याने पुढे फार अडते. मालकास त्याच दिवशी चार ओळी लिहून द्याव्यात. मजकूर तक्रारीचा नसावा, नोंदीचा असावा: ‘आज सायंकाळी सहाच्या सुमारास गुदामाच्या आवारात उभी असलेली माझी मोटार आपला टेंपो मागे घेत असता चेपली. छायाचित्रे व गॅरेजचे अंदाजपत्रक सोबत आहे. दुरुस्ती आपल्या विम्यातून, माझ्या विम्यातून की पेढीकडून करावयाची, ह्याविषयी आपली सूचना व्हावी, ही विनंती.’ अशा पत्राने कोणताही समंजस शेठ दुखावत नाही, आणि तोंडी बोलणे जसे चार दिवसांत विरते तसे हे विरत नाही.

राहता राहिला ड्रायव्हर. भरपाई दिल्यावर ती त्याच्या पगारातून कापण्याची प्रथा फार आहे, आणि ती आम्हांस अन्यायाची वाटते. वेतनाच्या कायद्यात नुकसानीबद्दल कपात होते ती नोकराच्या खास हवाली केलेल्या मालाची, त्याच्या हयगयीमुळे झालेल्या हानीची; तीही त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावरच. १९३६ च्या कायद्यात हे होते व २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेतही आहे. दिवाणजींची मोटार काही ड्रायव्हरच्या हवाली केलेली नव्हती. शिवाय अरुंद आवार, अपुरा उजेड, घाई आणि मागे पाहणाऱ्या माणसाचा अभाव ही सारी व्यवस्था मालकाची असते.

जमाखर्चाविषयी एक सूचना. पेढीने रक्कम दिली की ती कित्येकदा दिवाणजींच्या नावे ‘उचल’ म्हणून रोजकीर्दीत पडते, आणि दिवाळीला हिशेब करताना पगारातून वळती होते. असे मुद्दाम होते असे नव्हे. लिहिणाऱ्याला दुसरे खाते सुचत नाही इतकेच. ही रक्कम वाहनखर्चात, टेंपोच्या क्रमांकासह, गॅरेजच्या पावतीची नक्कल जोडून लिहावी, आणि ती बँकेमार्फत द्यावी.