अ‍ॅल्युमिनियमची बटणे घरच्या घरी

वडिलांच्या काळचा रेडिओ वा ध्वनिवर्धक आमच्या पुष्कळ सभासदांच्या घरी अद्याप जपून ठेवलेला आढळतो. आतील यंत्र ठीक असते. पण आवाजाचे बेकेलाइटचे बटण तडकलेले असते आणि त्याचा जोड बाजारात मिळत नाही. अशा वेळी अ‍ॅल्युमिनियमचे बटण करून बसवावे, असे मनात येणे साहजिक आहे. बेळगावात ओळखीच्या लेथवर आम्ही अशी काही बटणे केली. तो अनुभव येथे देत आहोत.

प्रथम सावधगिरीची गोष्ट. व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओंपैकी काही एसी व डीसी अशा दोन्ही विजेवर चालत. त्यांत मुख्य ट्रान्सफॉर्मर नसे आणि विजेची एक तार सांगाड्यालाच जोडलेली असे. प्लग उलटा बसला की सांगाड्यात व बटणाच्या दांड्यातही करंट उतरे. बेकेलाइटचे बटण ही तेथे केवळ शोभा नव्हती, तो हाताचा बचाव होता. अशा यंत्रावर धातूचे बटण कदापि बसवू नये. अ‍ॅनोडायझिंगचा पातळ थर विसंबण्याजोगा नाही. जाणत्या कारागिराकडून याची खात्री करून घेतल्याशिवाय सळई विकतही घेऊ नये.

सळई घेताना तिची जात विचारावी. ओतीव मालात सिलिकॉन फार असल्यास अ‍ॅनोडायझिंगनंतर तो काळपट दिसतो. तांबे मिसळलेल्या कठीण मालावर थर चांगला बसत नाही. ६०६३ जातीचा माल उत्तम. आपण दुकानदार मंडळी मात्र ‘अ‍ॅल्युमिनियम’ एवढेच सांगून वजनावर मोकळे होतो! एका यंत्राची सर्व बटणे एकाच सळईतून काढावीत, म्हणजे रंगात फरक पडत नाही.

आमचे पहिले बटण वाया गेले. बाहेरचा गोल आधी कातला, मग ते चकमध्ये उलटे धरून भोक पाडले. बसवल्यावर ते आऊट फिरू लागले आणि पॅनेलवर तो दोष लांबूनही दिसे. तेव्हा भोक आधी, बाहेरचा आकार नंतर, हाच क्रम ठेवावा. पुष्कळ नव्या यंत्रांचा दांडा ६ मि.मी., जुन्या विलायती यंत्रांचा पाव इंच, म्हणजे ६.३५ मि.मी. असतो, मोजूनच काम करावे. ६ मि.मी.साठी ५.८ चे ड्रिल चालवून रीमर फिरवावा. धारेवर रॉकेलचे थेंब सोडावेत, नाहीतर धातू धारेला चिकटतो. बाजूने ३.३ मि.मी.चे भोक पाडून ४ मि.मी.चा टॅप मारावा. मग चकमध्येच एक पोलादी खुंटी दांड्याच्या मापाची कातावी व ती न काढता तिच्यावर बटण ग्रब स्क्रूने आवळून बाहेरून हलक्या हाताने कातावे.

अ‍ॅनोडायझिंग काही लपवीत नाही, ओरखडे उलट उठून दिसतात. म्हणून एमरी कागद क्रमाने बारीक करीत न्यावा. नंतर बटण धुऊन, बोट न लावता, सुमारे १५ टक्के गंधकाम्लाच्या थंड द्रावणात धनाग्राला टांगावे. ऋणाग्र शिशाचे असावे. द्रावण करताना आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही. काम उघड्या हवेत करावे. २५ मि.मी.च्या बटणास १२ ते १५ व्होल्टवर सुमारे अर्धा अँपिअर प्रवाह पुरतो. अर्ध्या-पाऊण तासात थर तयार होतो. पोलादी स्क्रू आधी काढून ठेवावा. टांगणीची तार अ‍ॅल्युमिनियमचीच हवी व ती भोकात घट्ट बसली पाहिजे. आमच्या चारांपैकी दोन बटणांची तार सैल राहिली. थर वीज अडवतो, त्यामुळे प्रवाह तेथेच थांबला आणि काळ्या रंगात ती दोन करडीच निघाली. रंगानंतर अर्धा तास उकळत्या शुद्ध पाण्यात ठेवले की रंध्रे मिटतात.

बसवताना पॅनेल व बटण यांत १ मि.मी. फट सोडावी, ती नसली तर बटण फिरताना पॅनेलचा रंग खरवडते.