ऑपरेशन नीट झालं, मग माणूस का गेला?

प्रश्न : आतड्याचं तातडीचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले सगळं व्यवस्थित झालं, आणि आठ दिवसांत पेशंट गेला. ओळखीतल्या दोन घरांत हे घडलं. या ऑपरेशनात एवढा धोका असतो, की कुठे हयगय होते?

उत्तर : धोका मुळातच मोठा असतो, आणि हयगय झाली की तो वाढतो. किती, याचा हिशेब ब्रिटनमध्ये मांडला गेला. तिथल्या ३५ रुग्णालयांतल्या १,८५३ रुग्णांची आकडेवारी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. पोट उघडून केलेल्या तातडीच्या ऑपरेशननंतर ३० दिवसांत १४.९ टक्के रुग्ण दगावले होते. वयाची ऐंशी गाठलेल्यांत २४.४ टक्के. खरा धक्का पुढेच होता. एका रुग्णालयात हे प्रमाण ३.६ टक्के, तर दुसऱ्यात ४१.७! रुग्ण कमी-अधिक गंभीर असतात हे धरूनही ही तफावत झोप उडवणारी होती.

सर्जन कुजलेला भाग कापतो, टाके घालतो. तेवढं बहुतेक वेळा नीटच होतं. पण आतडं फुटलं की त्यातली घाण पोटात पसरते, जंतू रक्तात शिरतात. रक्तदाब घसरतो, किडनी मंदावते, फुफ्फुसं थकतात. टाके शाबूत असतात आणि माणूस न्यूमोनियाने जातो. ठरवून केलेल्या ऑपरेशनात आधी साखर आटोक्यात आणता येते, रक्त भरता येतं. इथे रात्री दोन वाजता, पेशंट असेल तसा टेबलावर घ्यावा लागतो.

डिसेंबर २०१३ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा ऑपरेशनांची राष्ट्रीय नोंद सुरू झाली. सोबत रुग्णालयांसाठी कामांची यादी होती : धोका आधी मोजा, अँटिबायोटिक लगेच द्या, जोखीम मोठी असेल तर अनुभवी सर्जन आणि भूलतज्ज्ञ स्वतः हजर राहोत, नंतर आयसीयू. मृत्यूचं प्रमाण सुरुवातीला ११ टक्के होतं, पुढे दहाच्या खाली आलं. म्हणजे यादी भिंतीवर लावली की झालं? नाही. ९३ रुग्णालयांत ३७ कलमांचा कार्यक्रम राबवून पाहिला. २०१९ मध्ये निकाल आला. ९० दिवसांतले मृत्यू कार्यक्रमाआधीही १६ टक्के, नंतरही १६. कारण सरळ होतं : कामं वाढवली, पण ती करायला वेळ आणि माणसं फारशी दिली नाहीत. आपल्याकडच्या कुठल्याही वॉर्डातल्या सिस्टरला हे विचारलं असतं तरी कळलं असतं!

घरच्यांच्या हातात असतो तो आधीचा वेळ. पोट फुगून दगडासारखं झालंय, वारा सरत नाही, हिरवी उलटी होतेय, अशा वेळी हिंगाचा लेप लावून ‘सकाळी बघू’ म्हणू नका. आणि सहीसाठी कागद पुढे आला की एवढं विचारा : ‘डॉक्टर, ऑपरेशननंतर यांना कुठे ठेवणार? आयसीयूत बेड आहे ना?’