पोथी लावतात तशी कादंबरी लावा

तुम्ही सात-आठ जण मिळून भालचंद्र नेमाड्यांची ‘हिंदू’ वाचायला घेताय असं कानावर आलं. जरूर घ्या. फक्त प्रत्येकाने प्रत विकत आणायची, घरी एकट्याने वाचायची आणि रविवारी जमून चर्चा करायची, हा जो बेत केलाय तो मोडा. शहरात तो चालतही असेल. आपल्या ब्राह्मणपुरी गावात पहिल्या रविवारी आठ जण येतील, दुसऱ्या रविवारी पाच, आणि तिसऱ्या रविवारी पपईची गाडी भरायची राहिली म्हणून दोघंच. जे दोघं येतील त्यांनीही वाचलेलं नसेल.

जाड ग्रंथ चारचौघांत बसून तडीस न्यायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. श्रावण लागला की कुणाच्या तरी ओट्यावर पोथी लागायची. ‘पांडवप्रताप’, ‘हरिविजय’. श्रीधरस्वामींनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेले हे ग्रंथ, जाडीने काही कमी नाहीत. एक जण वाचायचा, एक जण अर्थ सांगायचा, बाकीचे ऐकायचे. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा बायका पांडवांची सोयरीक पार तिसऱ्या पिढीपर्यंत बिनचूक सांगायच्या. त्यांना कुणी ग्रंथ अवघड आहे असं सांगितलंच नव्हतं. तुम्हीही नेमाड्यांची पोथीच लावा.

हिशेब सोपा आहे. पुस्तक सहाशेच्या आसपास पानांचं. मोठ्याने, नीट थांबत वाचलं तर पानाला अडीच-तीन मिनिटं लागतात, म्हणजे वीस पानांना जेमतेम तास. आठवड्याला दोन बैठका धरल्या तर पंधरा आठवड्यांत ग्रंथ संपतो. आषाढी ते कार्तिकी सतरा आठवडे होतात. उरलेले दोन पोळा, गणपती आणि दिवाळीत जातील. दसऱ्यानंतर कापूस वेचणीला आला की माणसं थकून येतात, डुलक्या घेतात. तेव्हा विसाची दहा पानं करा, पण बैठक मोडू नका. त्यासाठी पावसाच्या झडीत, शेतात पाऊल टाकता येत नाही त्या दिवसांत, जास्तीची पानं उरकून ठेवायची.

फार सावकाश चाललंय असं कुणी कुरकुरलं तर त्याला कॅलिफोर्नियातल्या व्हेनिस गावची मंडळी सांगा. जेम्स जॉइसची ‘फिनेगन्स वेक’ त्यांनी १९९५ साली वाचायला घेतली आणि २०२३ साली संपवली. महिन्यातून एकदा जमायचं, पान-दोन पानं वाचायची. अठ्ठावीस वर्षं! आपण चार महिने म्हणतोय.

प्रती तीन पुरेत. एक वाचणाऱ्याच्या हातात, दुसरी अर्थ सांगणाऱ्याकडे, तिसरी घरोघर फिरती. ज्याची बैठक चुकली त्याने ती नेऊन भरून काढायची. चुकलेल्याला मागची गोष्ट सांगत बसू नका. त्यात अर्धा तास जातो आणि पुढच्या वेळी चुकलेलं न वाचताच येणारे चौघं होतात. तो शेजारच्याला हळूच विचारून घेईल.

वाचणारा आदल्या दिवशीच ठरवा आणि त्याला ती वीस पानं एकदा नजरेखालून घालायला सांगा. नेमाड्यांची वाक्यं लांबत जातात. कोण बोलतंय, कोण आठवतंय, हे मध्येच बदलतं. तयारी नसलेला वाचणारा तिथे श्वास चुकवतो आणि ऐकणाऱ्यांचा धागा तुटतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. या पुस्तकात जातीजमातींची नावं, त्यांच्यावरून दिलेल्या शिव्या, एकमेकांबद्दलचे वाईटसाईट समज हे सगळं गावात बोलतात तसंच आलंय. तुमच्यात गुजर आहेत, भिल्ल आहेत, पावरा आहेत, बौद्ध आहेत. ज्या पानावर एखाद्या समाजाला उणं बोललंय ते पान नेमकं त्याच समाजाच्या पोराच्या वाट्याला आलं, तर तो मान खाली घालून वाचेल आणि पुढच्या बैठकीला दिसणार नाही. पान गाळायचं नाही. आधी सांगायचं की आज असं असं येणार आहे, दुसऱ्या कुणी वाचायचं, आणि वाचून झाल्यावर ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला पहिल्यांदा बोलू द्यायचं. त्याला बोलायचं नसेल तर तेही चालेल. बाकीच्यांनी त्याच्या वतीने चिडायचं कारण नाही.

अर्थ सांगणारा दर बैठकीला वेगळा. इथे मी अडून बसेन. एकदा का मास्तर किंवा प्राध्यापक कायमचा अर्थ सांगायला बसला की इतरांची तोंडं बंद होतात. मी जन्मभर मास्तरकी केली, म्हणून सांगतो, आम्हाला थांबता येत नाही. आणि अर्थ सांगणं म्हणजे व्याख्यान नव्हे. काय घडलं, कुणाला घडलं, कुठे घडलं, एवढं पाच मिनिटांत. लेखकाला काय म्हणायचं होतं हा प्रश्न निदान गणपतीपर्यंत कुणी काढू नये.

पुस्तक उघडलं की तुम्ही थेट मोहेंजोदडोच्या उत्खननात जाता. खंडेराव तिथला पुरातत्त्वाचा संशोधक. तिथून त्याला खानदेशातल्या आपल्या मोरगावी परतावं लागतं, वडील शेवटच्या दुखण्यात असतात, आणि त्या वाटेवर बालपण, शेत, भावकी, गावातल्या जाती, सगळं वर येत राहतं. सरळ रेषेत काहीच नाही. पहिल्या शंभर पानांत बहुतेक लोक पुस्तक खाली ठेवतात ते याचमुळे. तुम्ही एक करा. पहिल्या बैठकीच्या आधी सगळे मिळून तापीकाठच्या प्रकाशा गावी जाऊन या.

हसू नका. प्रकाशाला आपण जातो ते केदारेश्वराच्या दर्शनाला, नाहीतर अस्थी घेऊन. तापी-गोमाईच्या संगमाजवळ तिथे पांढरीचं जुनं टेकाड आहे. १९५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी ते खणलं तेव्हा खाली ताम्रपाषाणयुगातली वस्ती लागली, साडेतीन हजार वर्षांच्या आसपासची, रंगवलेल्या मडक्यांसकट. वरच्या थरांत पुढच्या काळातल्या वस्त्या, एकीवर एक. कडेला उभं राहून मातीचे रंग बघा. कुठे राखट, कुठे काळी, मध्येच खापराचा तुकडा. खालच्या थरातलं वरती येत नाही, पण खणणाऱ्याला वरून खाली जावं लागतं. म्हणजे आधी अलीकडचं दिसतं, मग मागचं. खंडेरावाची गोष्ट नेमाड्यांनी अशीच सांगितलीय. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुस्तकातल्या उड्यांनी कुणी गांगरणार नाही. वडिलांच्या मरणाचा भाग येईल तेव्हाही, तुमच्यातले जे बापाच्या अस्थी घेऊन त्या घाटावर गेलेत त्यांना अर्थ सांगणारा लागणार नाही. त्या दिवशी त्यांनाच बोलू द्या.

एक मोठी वही घाला. उजव्या पानावर नावं आणि नाती, डाव्यावर अडलेले शब्द. नवं माणूस आलं की तिथल्या तिथे नोंद: कुणाचा कोण, कुठला, पान किती. गोष्टीत माणसांची रीघ आहे, वहीशिवाय निभावणार नाही. शंभर पानं झाली की एक बैठक फक्त वही वाचायची, पुढे सरकायचंच नाही. गळायच्या बेतात असलेले तिथे सावरतात.

शब्दांचं असं, की नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. त्या बाजूची लेवा बोली आपल्या अहिराणी-गुजरीपेक्षा वेगळी, पण पुष्कळ शब्द दोन्हीकडे फिरतात. मोबाइलवर शोधायच्या आधी घरातल्या आजीला विचारा. शेतीच्या अवजारांचे, भांड्याकुंड्यांचे, सोयरसुतकाचे शब्द तिच्याकडे हमखास निघतील, शिवाय ती वस्तू माळ्यावर कुठल्या कोपऱ्यात पडलीय तेही कळेल. एखादी आजी बैठकीला येऊन बसली तर उत्तमच. तिला भिंतीला टेकायची जागा द्या.

जागा म्हणाल तर मारुतीच्या पारावर नको. येणारा-जाणारा ग्रामपंचायतीचं राजकारण काढून बसतो. ओटा चालेल, वाचनालयाची खोली मिळाली तर आणखी बरं. घरी बसलात तर चहा वाचन संपल्यावर. मधल्या वेळी चहा झाला की त्या घरची बाई दहा पानं स्वयंपाकघरात घालवते, आणि दुसऱ्या घरी दुसरी. चार महिन्यांनी बघाल तर पुरुषांची कादंबरी वाचून झालेली असेल आणि बायकांचा चहा करून. त्यापेक्षा ज्याची वाचायची पाळी नाही त्या पोराने थर्मास भरून आणावा. व्हॉट्सॲपवर गट कराल, ते कळतंच. त्यावर बैठकीचा दिवस, जागा आणि पान नंबर एवढंच टाका. मतं तिथे लिहायला लागलात की ओट्यावर बोलायला काही उरत नाही.

आणि पुस्तकाला देव करू नका, जरी मी पोथी म्हणत असलो तरी. ‘कोसला’ १९६३ साली आली तेव्हापासून नेमाड्यांचे भक्त आणि वैरी दोन्ही आहेत. ‘हिंदू’ २०१० साली आली तेव्हा ते दोन्ही वाढले, ज्ञानपीठ मिळाल्यावर आणखी. काही ठिकाणी नेमाडे गोष्ट बाजूला ठेवून भाषण देतात असं मला वाटतं. तिथे वाचणाऱ्याने जरा वेग वाढवावा. शेताचं, घराचं, मरणाचं वर्णन आलं की मात्र एकही वाक्य घाईने वाचू नये, तिथे त्यांच्या तोडीचं मराठीत फार थोडं आहे. तुम्हाला उलटं वाटलं तर तसं करा.

घरी चोरून पुढचं वाचणारे एक-दोन निघतीलच. वाचू द्या. बैठकीत तोंड उघडलं तर पुढच्या थर्मासची पाळी त्यांची.

कार्तिकीला शेवटचं पान झालं की त्याच बैठकीत पहिली पाच पानं परत वाचा. आषाढात जे डोक्यावरून गेलं होतं ते आता समजतं. मग जेवण ठेवा, पोथीच्या समाप्तीला ठेवतात तसं. पुढच्या वर्षीचं पुस्तक त्याच जेवणात ठरेल. माझं ऐकाल तर विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ घ्या, धरणाने उठवलेल्या माणसांची, १९९१ सालची. नर्मदेकाठून उठवलेली कुटुंबं आपल्या तळोदा-शहादा तालुक्यांत येऊन वसलीत. त्यांच्यातल्या दोघा-तिघांना पाहुणे म्हणून शेवटच्या दिवशी बोलावू नका. आधी जाऊन विचारा, त्यांना कुठला वार जमतो, आणि मग तिथी धरा.